वाटणीतला ड्रमसेट

दोन ड्रमसेटला प्रदर्शन म्हणत नाहीत, जोडी म्हणतात, असं मोहनराव म्हणाले आणि तिथंच बुद्धभूषण मखरे यांचा घात झाला.

मोहनराव समोरच्या ब्लॉकमधले. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं काढून निवृत्त झालेले, त्यामुळे समोर येईल त्या गोष्टीचं वजन सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ते हे बोलले तेव्हा बुद्धभूषण निमंत्रणपत्रिकेचा कच्चा मजकूर हातात घेऊन जिन्यात उभे होते. 'दोन थोर ड्रमवादकांचे ऐतिहासिक ड्रमसेट' असं त्यात लिहिलेलं होतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, 'दोन' खोडून 'तीन' केलं आणि तसेच छापखान्यात गेले. पत्रिका छापून आल्या, वाटून झाल्या, कार्यालयातल्या साहेबांनी उद्‌घाटनाला यायचं कबूल केलं, आणि मग अंजलीनं, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, साधा प्रश्न विचारला.

"अहो, तिसरा कुठं आहे?"

आता हे ड्रमसेट काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. माणसं पोस्टाची तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. ते सगळं एका डब्यात मावतं आणि बायकोला कळतसुद्धा नाही. बुद्धभूषण नावाजलेल्या ड्रमवाल्यांनी वाजवलेले ड्रमसेट जमवत होते. इंदापूरला पाटबंधारे खात्यात ते वरिष्ठ लिपिक. रोज सकाळी बारामतीहून एसटीनं जायचं, संध्याकाळी यायचं. दोन-चार वर्षांत त्यांच्या डोळ्यांदेखत ऑर्केस्ट्रावाल्यांकडं ऑक्टोपॅड नावाची पाटी आली होती. तिच्या एका चौकोनावर काठी मारली की ढोल वाजे, दुसऱ्यावर मारली की काच फुटे, तिसऱ्यावर मारली की घोडा खिंकाळे. खरे ड्रम अडगळीत जाऊ लागले. इतिहास असा अडगळीत चाललेला बघून कुणीतरी मध्ये पडायला पाहिजे, असं बुद्धभूषणना वाटलं, आणि ते पडले.

पहिला सेट बारामतीच्याच लतीफभाईंचा. गणेशोत्सवातले ऑर्केस्ट्रे एके काळी ज्यांच्या नावावर चालत, ते लतीफभाई. दुसरा पुण्याच्या रॉड्रिक्स नावाच्या वादकाचा. तो आणताना एसटीच्या कंडक्टरनं सामानाच्या दराचं पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. त्यात हार्मोनियम होतं, सायकल होती, शिलाई मशीन होतं, ड्रम नव्हता. शेवटी त्यानं 'रिकामं पिंप, एक' म्हणून तिकीट फाडलं. बुद्धभूषणनी पुण्यापासून बारामतीपर्यंत त्याला रॉड्रिक्सची थोरवी सांगितली. बारामतीला ड्रम उतरवून देताना तो म्हणाला, "साहेब, भरलेलं असतं तर जास्त पडलं असतं."

हे दोन्ही सेट दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये कसे राहत असतील, याची कल्पना वाचकांनी करू नये. बुद्धभूषणच्या आई अक्काबाई रॉड्रिक्सच्या मोठ्या ड्रमवर पीठ चाळत आणि लतीफभाईंच्या झांजेत कुरडया वाळवत. "त्या मान्सानं आयुष्यभर हितं काठ्या मारल्या," त्या म्हणत, "म्या नुसत्या कुरडया ठिवल्या तर तुला राग येतो व्हय रं?"

तिसरा सेट कुणाचा, हे मात्र बुद्धभूषणच्या मनात फार वर्षांपासून ठरलेलं होतं. कऱ्हाटीच्या झुंबर मास्तर कोकरेंचा. मास्तर ब्रास बँडमध्ये वाजवायचे. बाकीचे वाजंत्री गळ्यात ढोल अडकवून चालत, पण मास्तरांचा अख्खा सेट हातगाडीवर मांडलेला असे आणि ते मध्ये राजासारखे बसून वाजवत. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत लोक आधी मास्तरांची तारीख घेत, मग लग्नाची धरत. मास्तर जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण सेट घरात असणारच, असा बुद्धभूषणचा अंदाज होता. तो बरोबर निघाला. सेट घरातच होता. फक्त घराची तीन घरं झाली होती.

प्रदर्शन मार्चच्या नऊ तारखेला, रविवारी. फेब्रुवारीच्या सोळाला बुद्धभूषण कऱ्हाटीला गेले. मास्तरांचा थोरला मुलगा बिरू अंगणात दोर वळत बसला होता. उंबऱ्यावर त्याची आई गोजरबाई सुपात ज्वारी निवडत होती. आणि गोठ्याच्या भिंतीला टेकवून, एका बाजूचं पान, म्हणजे कातडं, फाटलेला, कडेचा निळा रंग अजून टिकवून असलेला, तो मोठा ड्रम! बुद्धभूषण हात पसरून पुढं झाले.

"हात लावू नका भाऊसाहेब," बिरू म्हणाला. "खुडूक हाय."

"कोण?"

"कोंबडी."

बुद्धभूषणनी वाकून पाहिलं. ड्रमच्या आत पेंढ्यावर एक तांबडी कोंबडी बसली होती आणि त्यांच्याकडं बघून पिसं फुगवत होती.

"परवाच बसवलीय. अकरा अंडी हायती. एकवीस दिवस ढोल हलवायचा न्हाय."

बुद्धभूषणनी खिशातली डायरी काढून तारखा मोजल्या. पिल्लं सात मार्चला, शुक्रवारी निघणार होती. प्रदर्शन नऊला. निसर्गानं दोन दिवसांची मुदत ठेवली होती. त्यांनी डायरीत 'कोंबडी – ७/३' अशी नोंद केली आणि घसा साफ करून विचारलं, "आणि बाकीचा सेट?"

बिरूचा हात दोरावरच थांबला. "ते त्याला इचारा."

"कुणाला?"

"त्यालाच."

"रविराजला," उंबऱ्यावरून गोजरबाई म्हणाली. "धाकला हाय माझा. नऊ वर्सं झाली, दोघं एकमेकाचं नाव घेत न्हाईत." आणि पुन्हा ज्वारी निवडू लागली.

मग कळलं ते असं. मास्तर गेल्यावर जमीन वाटली, विहीर वाटली, शेळ्या वाटल्या आणि शेवटी ड्रमसेटही वाटला. मोठा ड्रम बिरूकडं आला, काठ्यांनी वाजवायचा छोटा साईड ड्रम धाकट्या रविराजकडं गेला, आणि झांजा मुलगी बनाबाईला, निमगाव केतकीला. भांडण साईड ड्रमवरून. तो थोरल्याचा, असं बिरूचं म्हणणं.

"ढोल देतो मी," बिरू म्हणाला. "पर आधी त्यानं कबूल करावं का साईड माझा हुता म्हणून. सांगा त्या बैलाला."

दुसऱ्या दिवशी इंदापुरात जेवणाच्या सुट्टीत बुद्धभूषण रविराजच्या दुकानात गेले. एसटी स्टँडजवळ त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. साईड ड्रम कपाटावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला. रविराजनं आधी ड्रम काढला नाही, आधी वाटणीपत्र काढलं. स्टँपपेपरवर सरळ लिहिलेलं होतं: 'मोठा ढोल एक नग, बिरू. साईड ढोल एक नग, काठ्या दोन, रविराज. झांजा दोन नग, स्टँडसह, बनाबाई.' खाली पाच पंचांच्या सह्या आणि तीन अंगठे.

"वाचलं? मग चोर कोन?" रविराज म्हणाला. "ढोल काय, कुनीबी बडवतं. ताल साईडवर असतो. आबांनी मला शिकिवला. मी देतो प्रदर्शनाला. पर त्यानं लेखी द्यावं, माजी हरकत न्हाय म्हणून. न्हायतर उद्या म्हनंल, इकला. सांगा त्या रेड्याला."

म्हणजे बिरूनं हरकत नसल्याचं लिहून दिल्याशिवाय रविराज काही देणार नव्हता आणि रविराजनं कबुली दिल्याशिवाय बिरू काही लिहिणार नव्हता. दोन फायली एकमेकींची वाट बघत दोन टेबलांवर पडून राहतात, हा प्रकार बुद्धभूषणना नवा नव्हता. अशा कित्येक फायली त्यांनी स्वतः अडकवल्या होत्या. पण अडकलेल्या फायलीचा अर्जदार होऊन बाकड्यावर बसायची ही पहिलीच वेळ, आणि त्या अनुभवानं ते बरेच नरमले.

घरी सल्ल्यांना तोटा नव्हता. मोहनराव म्हणाले, "दोघांना एकाच खोलीत कोंडा. माझ्याकडं कुलूप आहे." खालच्या मजल्यावरच्या सिंधुबाई म्हणाल्या, "त्यापरीस नवा ढोल आणा आन् त्यावर मास्तरांचं नाव घाला. कोन बगतंय?" हे ऐकून बुद्धभूषण इतके दुखावले की त्यांनी रात्री भाकरी अर्धीच खाल्ली.

"तुम्ही निरोप नेता तो कसा सांगता?" अंजलीनं विचारलं. ती शाळेत शिक्षिका होती आणि चूक कुठं आहे ते तिला चटकन दिसे.

"जसाच्या तसा."

"बैल, रेडा सगळं?"

"म्हणजे काय! निरोपात फेरफार करायचा मला अधिकार नाही."

"मग लिहून न्या," अंजली म्हणाली. "लिहिताना तुम्हाला बैल लिहिताच येणार नाही."

हे खरं होतं. वीस वर्षं ज्या हातानं सरकारी पत्रं लिहिली, त्या हाताला शिवी लिहिता येत नव्हती. पुढच्या खेपेला बिरू म्हणाला, "त्या गाढवाला म्हणावं, मी लहान हुतो तवा त्याला खांद्यावर घेऊन हातगाडी ढकललीय, ते इसरला काय?" बुद्धभूषणनी तिथंच बसून लिहिलं: 'सविनय कळविण्यात येते की, आपणांस खांद्यावर घेऊन हातगाडी ढकलल्याची आठवण ज्येष्ठ बंधूंना आजही आहे. आपणांसही असावी, अशी अपेक्षा आहे.' रविराजनं ते दुकानात उभ्या उभ्या दोनदा वाचलं.

"दादा असं म्हनला?"

"आशय तोच," बुद्धभूषण म्हणाले.

रविराज थोडा वेळ नटबोल्टच्या डब्यात हात घालून उभा राहिला. मग म्हणाला, "त्याला सांगा, हातगाडीचं चाक त्येच्या पायावरनं गेलं तवा म्याच बोंबललो हुतो, तो टोणगा न्हाय." हे कऱ्हाटीला पोचलं ते असं: 'ज्येष्ठ बंधूंच्या पायास झालेल्या इजेबद्दल कनिष्ठ बंधूंना तेव्हाही वाईट वाटले होते.' बिरूनं अक्षरं लावत लावत वाचलं, कागदाची घडी घातली आणि टोपीत ठेवली. हरकत नसल्याच्या कागदावर त्यानं सही केली नाही, पण बुद्धभूषणना चहा मात्र दिला. अशी सात-आठ पत्रं गेली-आली. आपण सरकारी शिस्तीचा भंग करतोय, ही टोचणी बुद्धभूषणना एसटीत प्रत्येक वेळी लागे आणि निमगाव केतकी मागं पडलं की कमी होई.

निमगाव केतकीचं काम सोपं वाटलं होतं. बनाबाई हसतमुख बाई. एक झांज तिनं पाण्याच्या रांजणावर झाकण म्हणून ठेवली होती. ती पुसून लगेच दिली. स्टँडवर भोपळ्याचा वेल चढवलेला होता, तोही वेल उतरवून दिला. "दुसरी शाळंत हाय. आमच्या मालकांनी घंटा म्हणून दिली."

वस्तीवरची दोन खोल्यांची शाळा. व्हरांड्यात तारेला झुंबर मास्तरांची झांज लटकत होती आणि तिच्यावर मारायला ट्रॅक्टरचा एक बोल्ट. हेडमास्तर सज्जन होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाट उघडलं आणि एक जाड वही टेबलावर ठेवली.

"डेडस्टॉक रजिस्टर," ते म्हणाले. "अनुक्रमांक चौदा. घंटा, पितळी, एक. आता ही मी तुम्हाला कशी देऊ?"

"ती झांज आहे, गुरुजी."

"असेल. रजिस्टरला घंटा आहे. निर्लेखन करून वहीतून काढायची तर ती निरुपयोगी असल्याचा अहवाल पाहिजे. आणि ती तर रोज वाजते."

बुद्धभूषणनी दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या रुळाचा तुकडा पैदा करून आणला. आवाज खणखणीत. हेडमास्तरांनी तो वाजवून पाहिला, मान डोलावली आणि रजिस्टर उघडलं. "पितळी," ते हळहळून म्हणाले.

त्या संध्याकाळी बुद्धभूषणनी घरातली पितळी परात पेपरात गुंडाळली. ती अक्काबाईंची. मुंबईला गिरणीत असताना त्यांच्या मालकांनी, म्हणजे बुद्धभूषणच्या वडिलांनी, कै. श्रीपतींनी, पहिल्या बोनसात आणलेली. चोरून न्यायचा विचार होता, पण परात गुंडाळताना अशी काही वाजली की अक्काबाई उठून आल्या.

"कुठं चाललीय माझी परात?"

बुद्धभूषणनी सगळं सांगितलं. अक्काबाई पलंगावर बसल्या.

"त्येच झुंबर मास्तर का?" त्यांनी विचारलं. "इंदापूरला भीमजयंतीच्या मिरवणुकीत वाजवायचं त्ये?"

"तेच."

"तुझ्या बापानं तुला खांद्यावर घेतलं हुतं, आन् तू त्येच्या डोस्क्यावर धपाधप ताल धरला हुता. चार दिवस मान धरली हुती त्येंची." त्या उठल्या. "ने. पर साळंत सांग, लिंबू लावून घासायची. राख लावायची न्हाय."

परात घंटा झाली, अनुक्रमांक चौदाला लागली, आणि झांज सुटली.

निघताना बनाबाई म्हणाली, "आन् खटका?"

"कसला खटका?"

"पायाचा. ज्येच्यावर पाय मारला का मोठा ढोल वाजतो, त्यो. त्यो वाटणीत लिहिलाच न्हाय. आईनं ट्रंकंत घातला आन् वर बसली. पंचांनी इचारलं तर म्हनली, ह्येचं दोन तुकडं करून दावा, मग वाटा."

शुक्रवारी, सात तारखेला, बुद्धभूषण रजा टाकून कऱ्हाटीला गेले. अकरापैकी नऊ पिल्लं निघाली होती आणि ड्रमभर चिवचिवत होती. बिरू कुठंतरी रानात होता. गोजरबाई उंबऱ्यावर होती. बुद्धभूषण तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि खटका मागितला.

"खटका देत न्हाय," ती म्हणाली. "आनते."

"म्हणजे?"

"मी सवता घिऊन येते. पर एक सांगा. दोघं येनार हायती का?"

खरं तर रविराजनं 'बघू' म्हटलं होतं आणि बिरूनं तेवढंही म्हटलं नव्हतं. बुद्धभूषणना वरिष्ठांसमोर अर्धवट माहिती द्यायची सवय नव्हती. पण म्हातारीच्या हातातलं सूप थांबलं होतं आणि ती त्यांच्या तोंडाकडं एकटक बघत होती.

"दोघंही येणार आहेत," ते म्हणाले.

"नऊ वर्सं झाली," गोजरबाई म्हणाली, "दोगांला एका पंगतीत वाढून." आणि सूप पाखडू लागली.

बुद्धभूषण परत निघाले तेव्हा त्यांना प्रदर्शनाची, पत्रिकेची, साहेबांची कशाचीच आठवण नव्हती. आपण एका म्हातारीशी खोटं बोललो, एवढंच डोक्यात होतं.

नऊ तारखेला अंजलीच्या शाळेच्या सभागृहात लतीफभाईंचा सेट डावीकडं आणि रॉड्रिक्सचा उजवीकडं मांडला होता. मध्ये मोकळी जागा, त्यामागं 'झुंबर मास्तर कोकरे, कऱ्हाटी' अशी पाटी, आणि त्या जागेत दोन झांजा लावलेला एकटा स्टँड. दारात लाल फीत. साहेब साडेदहाला आले, हातात कात्री घेऊन उभे राहिले, आणि म्हणाले, "मखरे, मधला सेट जरा बारीक वाटतोय."

पावणेअकराला टेंपो आला. मोठा ड्रम उतरला आणि मागोमाग बिरू, नवा फेटा बांधलेला. त्यानं ड्रम आणून जागेवर ठेवला आणि त्याला टेकून पहारेकऱ्यासारखा उभा राहिला. "दुसऱ्याच्या हवाली करनार न्हाय," म्हणाला. पाच मिनिटांनी मोटारसायकलवरून रविराज आला, साईड ड्रम पोटाशी धरून. त्यानं तो मोठ्या ड्रमपासून तीन हात लांब ठेवला आणि तोही उभा राहिला. मध्ये तीन हात जमीन आणि नऊ वर्षं. बनाबाई झांजांपाशी आली. आणि शेवटी गोजरबाई, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. तिनं दोघांकडं एकदा बघितलं आणि पुढच्या खुर्चीवर बसली. बुद्धभूषणनी सोडलेला श्वास मागच्या रांगेतल्या मोहनरावांनाही ऐकू गेला असेल.

तेवढ्यात रविराजनं खिशातून कागद काढला. तो बिरूकडं बघत नव्हता, मोठ्या ड्रमकडं बघत होता.

"दादा, ह्ये तू म्हनलास? 'ज्येष्ठ बंधूंच्या मनात आपल्याविषयी कोणताही आकस नाही'?"

बिरू चमकला. "म्या? म्या तुला गाढव म्हनलो."

"मग ह्ये?"

बिरूनं टोपीऐवजी आज फेट्यात खोचलेले कागद काढले. "आन् ह्ये तू? 'आपल्या मार्गदर्शनाची उणीव भासते'?"

"मी रेडा म्हनलो हुतो," रविराज म्हणाला. "आन् एकदा टोणगा."

दोघा भावांनी सगळे कागद एकत्र धरले, अक्षर एकच आहे हे पाहिलं आणि एकदमच मान वळवून बुद्धभूषणकडं बघितलं. बुद्धभूषणनी आधाराला लतीफभाईंचा स्टँड धरला. साहेब कात्री धरून बघत होते. आपल्या हाताखालचा वरिष्ठ लिपिक बनावट पत्रव्यवहारात चारचौघांत सापडलेला त्यांनी यापूर्वी पाहिला नव्हता.

"मला वाटलंच हुतं," रविराज म्हणाला. "सविनय. आपल्या घरात सविनय कुनाला येतंय?"

बिरूच्या मिशीखाली काहीतरी हललं. "मी म्हनलं, शहरात राहून सुधारला."

"मी म्हनलं, म्हातारा झाला."

"भाऊसाहेब," बिरू म्हणाला, "तुमी लई लबाड मानूस हाय," आणि मग तो हसायला लागला. रविराजही हसला, पण दुसरीकडं बघून. गोजरबाई मात्र हसली नाही. तिनं पिशवीतून तेल लावलेला खटका काढला आणि मांडीवर ठेवला.

"मांडा," ती म्हणाली.

मांडायला सुरुवात केली आणि भांडण पुन्हा पेटलं, पण हे वेगळं भांडण होतं. साईड किती उंच, झांज किती कलती, आबांचा गुडघा कुठं यायचा. "इथं!" "इथं न्हाय, चार बोटं खाली!" बनाबाई म्हणाली, तुमा दोघांलाबी येत न्हाय, मला इचारा. शाळेच्या प्रयोगशाळेतलं गोल स्टूल आणलं. बिरू बसला. रविराजही त्याच स्टुलावर बसला. दोघांपैकी कुणीच उठेना.

"ऊठ."

"तू ऊठ."

"ढोल माझा हाय."

"साईड माजा हाय."

"गपा!" गोजरबाई ओरडली. "वाजवा!"

अर्ध्या अर्ध्या बैठकीवर रेलून, थोरल्यानं उजवा पाय खटक्यावर मारला आणि धाकट्यानं काठ्या उचलल्या. पहिला ठेका असा भरकटला की साहेबांच्या हातून कात्री पडली. "मागं पडतूयास!" "तू पळतूयास!" म्हातारी खुर्चीच्या दांडीवर तळहातानं ताल धरून दोघांना शिव्या घालत होती. बनाबाईनं झांज एकदा चुकीच्या जागी वाजवली, एकदा बरोबर. आणि मग कुठंतरी, सातव्या-आठव्या आवर्तनाला, पाय आणि हात एकमेकांना सापडले. बुद्धभूषणच्या अंगावर काटा आला. ढोल फाटका होता, त्यात थोडा पेंढा राहिला होता, तरी तो मिरवणुकीचाच ठेका होता. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ऐकलेला. मागच्या रांगेत अक्काबाई उठून उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. मोहनरावांना पहिल्यांदाच कशाचंही वजन सांगता आलं नाही.

फीत कापायची राहून गेली. कुणाच्या तरी पायात येऊन ती आपोआप तुटली.

वाजवून झाल्यावर दोघं घामानं निथळत उठले. बिरू म्हणाला, "भाऊसाहेब, सेट घरी नेतो." रविराज म्हणाला, "आज आई सांजच्याला सगळ्यांला वाढनार हाय. आन् जेवायच्या आधी एकदा वाजवायला पायजे, आबांच्या अंगणात." दोघांनी मिळून मागितलेलं हे पहिलंच. नाही कसं म्हणायचं? हातातोंडाशी आलेला इतिहास पुन्हा टेंपोत चढू लागला. बुद्धभूषण म्हणाले, "न्या. पण पानाला ऊन लागू देऊ नका."

"तुमी न्हाय येनार?" गोजरबाईनं विचारलं. "तुमच्यासाठीबी पान मांडनार हाय."

"प्रदर्शन आहे, आजी. साहेब आहेत."

अंजलीनं त्यांच्या हातातली पत्रिकांची गड्डी काढून घेतली. "मी बसते इथं," ती म्हणाली. "साहेबांना दोन सेट दाखवून चहा पाजते. तुम्ही जा. भर रस्त्यात तो मोठा ड्रम घरंगळला म्हणजे?"

बुद्धभूषणनी साहेबांकडं बघितलं. साहेब लतीफभाईंच्या ड्रमवर बोटानं हळूच ठेका धरून बघत होते. त्यांना हाक मारणं बरं दिसलं नसतं. तेव्हा वरिष्ठ लिपिक बुद्धभूषण मखरे टेंपोच्या हौद्यात चढले, मोठा ड्रम दोन्ही हातांनी कवटाळून बसले, आणि नवीन पॅंटला पेंढा लागतोय हे त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

दुपारभर शाळेत लोक येत राहिले. तिथली मोकळी जागा बघून प्रत्येकजण तिसऱ्या सेटबद्दल विचारू लागला. शेवटी अंजलीनं पुठ्ठा घेतला, घोटीव अक्षरात लिहिलं आणि झुंबर मास्तरांच्या पाटीखाली लावला:

'ड्रमसेट वाजवायला नेला आहे. संग्राहक सोबत गेले आहेत. हुकुमावरून.'